‘तोस्का’ प्रथमच रंगमंचावर पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन संगीतकार जाकोमो पुच्चिनीचा ‘तोस्का’ हा ऑपेरा १४ जानेवारी १९०० रोजी रोमच्या तेआत्रो कोस्तान्झी या नाट्यगृहात प्रथम सादर झाला. आपल्याकडच्या रसिकांची त्याच्याशी ओळख बहुधा ध्वनिमुद्रणातून होते, कारण संपूर्ण ऑपेरा वाद्यवृंदासह रंगमंचावर पाहण्याची संधी महाराष्ट्रात क्वचितच मिळते. ज्यांना ‘तोस्का’ ऐकून ऐकून जवळजवळ पाठ झाला आहे, परंतु ज्यांनी तो प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही आणि जे आता व्हिएन्नाच्या स्टाट्सओपर या ऑपेरागृहात तो पाहण्याचा बेत करीत आहेत, त्यांच्यासाठी पुढील उत्तरे लिहिली आहेत. व्हिएन्ना निवडण्याची कारणे दोन: तेथे हा ऑपेरा जवळपास दर हंगामात सादर होतो, आणि तेथे बेताची ऐपत असलेल्या रसिकालाही उत्तम जागेवरून तो ऐकता येतो.

प्रत्यक्ष पाहिलेला पहिला ऑपेरा म्हणून ‘तोस्का’ योग्य आहे का?

माझ्या मते याहून योग्य ऑपेरे थोडेच असतील. तीन अंकांचे एकूण संगीत सुमारे दोन तासांचे आहे आणि दोन मध्यंतरे धरून प्रयोग पावणेतीन ते तीन तासांत संपतो. मुख्य पात्रे तीनच आहेत: गायिका फ्लोरिया तोस्का, तिचा प्रियकर चित्रकार मारिओ काव्हारादोस्सी आणि रोमच्या पोलिसांचा प्रमुख बॅरन स्कार्पिया. सारे कथानक एका दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे संपते. त्यामुळे रंगमंचावर काय चालले आहे हे समजण्यासाठी प्रेक्षकाला धडपडावे लागत नाही आणि त्याचे लक्ष संगीताकडे राहते.

कथानक आधी वाचून जावे का?

अवश्य वाचून जावे, आणि कथानकाबरोबर त्यामागचा इतिहासही वाचावा. व्हिक्तोरियाँ सार्दू या फ्रेंच नाटककाराने सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीसाठी लिहिलेले ‘ला तोस्का’ हे नाटक १८८७ साली रंगभूमीवर आले. त्यावरून लुइजी इल्लिका आणि जुझेप्पे जाकोझा यांनी या ऑपेराची संहिता रचली. कथेचा काळ जून १८०० हा आहे. त्या वेळी रोम नेपल्सच्या राजसत्तेच्या ताब्यात होते आणि फ्रेंच क्रांतीच्या विचारांनी भारलेल्या माणसांची तेथे धरपकड चालली होती. तुरुंगातून पळालेला आंजेलोत्ती हा असाच एक राजकीय कैदी आहे. काव्हारादोस्सी त्याला आश्रय देतो, आणि स्कार्पिया तोस्काच्या मत्सराचा उपयोग करून दोघांचाही माग काढतो.

इतिहासाची माहिती कोठे उपयोगी पडते, हे पहिल्या अंकाच्या शेवटी कळते. उत्तर इटलीतील मारेंगोच्या रणभूमीवर १४ जून १८०० रोजी ऑस्ट्रियाच्या सैन्याने नेपोलियनचा पराभव केल्याची बातमी रोममध्ये येते, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ चर्चमध्ये ‘ते देउम’ हे स्तोत्र गायले जाते. प्रत्यक्षात त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लढाईचे पारडे फिरले होते आणि विजय नेपोलियनचा झाला होता. ही खरी बातमी दुसऱ्या अंकात स्कार्पियाच्या दालनात येऊन थडकते, तेव्हा छळामुळे अर्धमेला झालेला काव्हारादोस्सी उठून ‘व्हित्तोरिया’ म्हणजे ‘विजय’ अशी आरोळी ठोकतो. संदर्भ माहीत नसलेल्या श्रोत्याला ती केवळ एक उंच टिपेची जागा वाटते. संदर्भ माहीत असेल, तर ज्या विजयासाठी पहिल्या अंकात घंटा वाजल्या तो विजय खोटा होता, हे त्या एका आरोळीतून अंगावर येते.

मी हे संगीत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. नाट्यगृहात मला नेमके काय वेगळे ऐकू येईल?

सर्वांत आधी जाणवेल ती मायक्रोफोनची अनुपस्थिती. ऑपेरागृहात गायकाचा आवाज आणि श्रोत्याचा कान यांच्यामध्ये हवेखेरीज काही नसते. आपल्या संगीत रंगभूमीच्या सुरुवातीच्या काळातील नटही ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असत. परंतु त्यांच्या साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला अशी मोजकी वाद्ये होती. पुच्चिनीच्या गायकाला साठ-सत्तर वाद्यांच्या वरून ऐकू यायचे असते, आणि ते केवळ मोठ्याने गाऊन साधत नाही. प्रशिक्षित ऑपेरागायकाच्या आवाजात साधारण २५०० ते ३५०० हर्ट्झ या पट्ट्यात ऊर्जेची दाटी होते. वाद्यवृंदाची बहुतेक शक्ती त्याहून बऱ्याच खालच्या पट्ट्यात असते आणि आपला कान नेमका या वरच्या पट्ट्याला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देतो. म्हणून आवाज वाद्यांना दाबून टाकत नाही, तरीही त्यांच्यातून वाट काढत आपल्यापर्यंत येतो.

याचा एक परिणाम पहिल्या काही मिनिटांत थोडा निराश करणारा वाटू शकतो. ध्वनिमुद्रणात गायक कानाशी असतो. नाट्यगृहात तो दूर असतो आणि आवाज अपेक्षेपेक्षा लहान वाटतो. येथे धीर धरावा. पाच-दहा मिनिटांत कान त्या वास्तूला सरावतो, आणि मग आवाजाचे अंतर, गायकाने पाठ फिरवल्यावर होणारा बदल, जमिनीवर कोसळून गाताना बदलणारा श्वास, या सगळ्या गोष्टी ऐकू येऊ लागतात. स्टुडिओतील तंत्रज्ञ मात्र हे फरक जाणीवपूर्वक समतल करीत असतात.

दुसरा फरक जागेचा आहे, आणि ‘तोस्का’च्या बाबतीत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पुच्चिनीने या ऑपेरात रंगमंचाबाहेरचे आवाज इतक्या विपुलतेने आणि इतक्या नेमकेपणाने योजले आहेत की, दोन स्पीकरांमधून ऐकताना त्यांचा अर्थ अर्धाच पोचतो. त्यासाठी पुढील प्रश्न स्वतंत्र ठेवला आहे.

रंगमंचाबाहेरच्या या आवाजांकडे कोठे कोठे लक्ष द्यावे?

पहिल्या अंकात कैदी पळाल्याची सूचना देणारी तोफ दूर किल्ल्यावर धडाडते, आणि चर्चमधल्या दोन माणसांचे संभाषण जागच्या जागी तुटते. त्यानंतर अंकाचा शेवट येतो. दोन स्वरांवर संथपणे झुलणाऱ्या घंटा, ऑर्गन, ठराविक अंतराने येणारे तोफांचे आवाज, मिरवणुकीने आत येणारे धर्मगुरू आणि भाविकांचा समूह हे सर्व थरावर थर चढत जाते, आणि या पवित्र गजराच्या मधोमध स्कार्पिया एकटा उभा राहून तोस्काला मिळवण्याचे मनसुबे गातो. घरी ऐकताना हा सारा एकच मोठा ध्वनी वाटतो. नाट्यगृहात तोफ मागून, ऑर्गन बाजूने, समूह समोरून आणि वाद्यवृंद खालून येतो, आणि एका माणसाची वासना या सगळ्याच्या विरुद्ध उभी आहे हे डोळ्यांना आणि कानांना एकाच वेळी कळते.

दुसरा अंक पालाझ्झो फार्नेझे या राजवाड्यात घडतो. स्कार्पिया वरच्या मजल्यावर जेवत असतो, खाली राणीच्या मेजवानीत नृत्याचे संगीत वाजत असते आणि ते उघड्या खिडकीतून वर येत असते. नंतर त्याच खिडकीतून विजयोत्सवाच्या समूहगानाचे आणि त्यावर तरंगणाऱ्या तोस्काच्या आवाजाचे स्वर येतात. इकडे स्कार्पिया काव्हारादोस्सीची उलटतपासणी करीत असतो. मग तो चिडून खिडकी लावून घेतो आणि संगीत एकदम थांबते. ही खिडकी बंद होण्याची क्रिया रंगमंचावर घडताना पाहिली, की ध्वनिमुद्रणात कारण न कळता तुटणारे ते गाणे यापुढे कधीही तसे ऐकू येत नाही. याच अंकात बंद दाराआडच्या छळखोलीतून काव्हारादोस्सीच्या किंकाळ्या येतात. प्रेक्षकाला काहीच दिसत नाही. तोस्काला जेवढे ऐकू येते तेवढेच आपल्याला ऐकू येते.

तिसऱ्या अंकाची पहाट हा या ऑपेराचा माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर भाग आहे. चार हॉर्न एकसुरात एक धून वाजवतात आणि तीच धून अंकाच्या उत्तरार्धात प्रेमिकांच्या तोंडी, वाद्यांची साथ नसताना, पुन्हा येते. त्यानंतर कास्तेल सांतांजेलो या किल्ल्यावर अंधार असतो. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा दुरून ऐकू येतात आणि एक मेंढपाळ मुलगा रोमच्या बोलीतले गाणे म्हणत निघून जातो. या गाण्याचे शब्द लुइजी झानाझ्झो यांनी लिहिले. मग शहरातल्या निरनिराळ्या चर्चच्या घंटा, काही जवळून तर काही लांबून, पहाटेच्या प्रार्थनेसाठी वाजू लागतात. पुच्चिनीने रोमला जाऊन किल्ल्याच्या परिसरातून पहाटेच्या घंटा ऐकल्या होत्या, आणि सेंट पीटर या चर्चच्या मोठ्या घंटेचा स्वर खर्जातला ‘ई’ आहे याची खात्री करून घेऊन तोच स्वर लिहिला होता. या घंटा वाद्यवृंदाच्या जागेत न वाजवता रंगमंचामागे वेगवेगळ्या अंतरांवर वाजवल्या जातात. तेथे वाद्यवृंदाचा सहायक संचालक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मुख्य संचालकाचे हात पाहत वादकांना इशारे देत असतो. ते साधते तेव्हा आपण छताखाली बसलो आहोत याचा विसर पडतो.

‘विस्सी दार्ते’ आणि ‘ए लुचेव्हान ले स्तेल्ले’ या गाण्यांविषयी काय अपेक्षा ठेवावी?

ही दोन्ही गाणी जेमतेम तीन-तीन मिनिटांची आहेत. केवळ त्यांची वाट पाहत बसलेला प्रेक्षक उरलेल्या ऑपेराला मुकतो. दुसऱ्या अंकातील तोस्काचे ‘विस्सी दार्ते’ हे सुटे ऐकले तर शांत प्रार्थनेसारखे वाटते. प्रत्यक्षात ते स्कार्पियाच्या धमकीनंतर, वधस्तंभाकडे नेणाऱ्या पथकाचे ढोल दूर वाजून गेल्यावर येते, आणि गायिका त्याआधी बराच वेळ किंचाळत, विनवत, धावत असते. थकलेल्या शरीरातून तो पहिला हलका स्वर काढणे किती कठीण आहे, हे समोर पाहिल्यावरच कळते. व्हिएन्नात मारिया येरित्सा ही गायिका हे गाणे जमिनीवर पालथी पडून गात असे आणि पुच्चिनीला ती कल्पना फार पसंत पडली होती. आजही अनेक गायिका तोच मार्ग धरतात.

तिसऱ्या अंकातील काव्हारादोस्सीच्या ‘ए लुचेव्हान ले स्तेल्ले’ची धून गायकाच्या आधी क्लॅरिनेट वाजवते. त्या वेळी टेनरकडे, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या त्या गायकाकडे, न पाहता वाद्यवृंदातील त्या वादकाकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

याखेरीज दुसऱ्या अंकाचा शेवट डोळ्यांनी पाहावा. स्कार्पियाला मारल्यानंतर तोस्का जवळजवळ काही गात नाही. ती त्याच्या मुठीतला, शहराबाहेर जाण्याचा परवाना काढून घेते, एका खालच्या स्वरावर एकच वाक्य उच्चारते, प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते आणि निघून जाते. ध्वनिमुद्रणात ही काही मिनिटे मंद वाद्यसंगीताची म्हणून दुर्लक्षिली जातात. नाट्यगृहात त्या वेळी कोणी खोकतसुद्धा नाही.

व्हिएन्नातील मांडणी जुनी आहे असे ऐकले. नवी मांडणी पाहणे अधिक चांगले नाही का?

मार्गारेटे वालमान यांनी दिग्दर्शित केलेली ही मांडणी १९५८ साली हर्बर्ट फॉन कारायान यांच्या संचालनाखाली सुरू झाली, आणि तेव्हा तोस्काची भूमिका रेनाता तेबाल्दी यांनी केली होती. नेपथ्य आणि वेशभूषा निकोला बेन्वा यांची आहे. तिचे सहाशेहून अधिक प्रयोग झाले आहेत, आणि त्या रात्रीच्या पत्रकावर हा कितवा प्रयोग आहे याचा आकडाही छापलेला असतो. चर्च चर्चसारखे, राजवाडा राजवाड्यासारखा आणि किल्ला किल्ल्यासारखा दिसतो. कथानक दुसऱ्या काळात नेणाऱ्या मांडण्यांना माझा विरोध नाही, आणि काही तर फार विचारपूर्वक केलेल्या असतात. तरीही ज्याला संगीत ठाऊक आहे आणि दृश्य अजून पाहायचे आहे, त्याने आधी पुच्चिनीने कल्पिलेले रोम पाहावे हे बरे. नव्या अर्थाचा आनंद मूळ रूप परिचयाचे असेल तरच घेता येतो.

जुन्या मांडणीची एक उणीव सांगणे योग्य होईल. ती वर्षानुवर्षे चालू असल्यामुळे पाहुणे गायक थोड्याच तालमींनिशी तिच्यात उभे राहतात, आणि म्हणून अभिनयाची प्रत त्या रात्रीच्या कलावंतांवर फार अवलंबून असते. वाद्यवृंदाबाबत मात्र अशी चिंता करण्याचे कारण नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक याच ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदातून येतात आणि हे संगीत त्यांच्या बोटांत मुरलेले आहे.

तिकीट कसे मिळवावे आणि जागा कोणती घ्यावी?

हंगाम सप्टेंबर ते जून असा असतो. प्रवासाचे आरक्षण करण्याआधी त्या हंगामाचे वेळापत्रक ऑपेरागृहाच्या संकेतस्थळावर पाहावे. तेथे एकच ऑपेरा ओळीने रोज होत नाही. ‘तोस्का’चे काही प्रयोग होतात आणि मग काही आठवडे किंवा महिने तो दिसत नाही. बसण्याची तिकिटे बरीच आधी विक्रीला येतात, आणि पुढच्या रांगांची किंमत आपल्या रुपयांत चटकन परवडण्यासारखी नसते.

परंतु या ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याच्या शेकडो जागा आहेत, त्यांचे दर बसण्याच्या तिकिटांच्या मानाने फार कमी असतात, आणि ही तिकिटे प्रयोगाच्या दिवशी मिळतात. तळमजल्यावरच्या उभ्याच्या जागा प्रेक्षागृहाच्या मागे, अगदी मध्यभागी आहेत, आणि तेथून दिसणारा रंगमंच महागड्या जागांवरून दिसणाऱ्या रंगमंचाइतकाच चांगला असतो. जागा मिळाल्यावर तिच्यापुढील कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून ठेवण्याची तेथे जुनी रीत आहे. तसा रुमाल बांधला, की प्रयोग सुरू होईपर्यंत बाहेर फिरून येता येते आणि जागा कोणी घेत नाही. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी हा मार्ग धरू नये, कारण मध्यंतरे सोडली तरी दोन तास उभे राहावे लागते.

बसायचेच असेल आणि खर्चही आवरायचा असेल, तर वरच्या गॅलरीची समोरची बाजू निवडावी. तेथे गायकांचे चेहरे लहान दिसतात, पण आवाज आणि वाद्ये यांचा मेळ उत्तम ऐकू येतो. बाजूच्या बॉक्समधील मागच्या खुर्च्या स्वस्त दिसल्या तरी टाळाव्यात; तेथून अर्धा रंगमंच दिसत नाही, आणि आवडता ऑपेरा पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सहन होणार नाही.

पोचायला उशीर झाला तर?

दारे बंद होतात आणि पुढच्या मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावे लागते. ‘तोस्का’ला सुरुवातीचे स्वतंत्र वाद्यसंगीत नाही. संपूर्ण वाद्यवृंद पूर्ण ताकदीने स्कार्पियाचे तीन स्वरमेळ वाजवतो आणि पडदा उघडतो. ज्याने हे तीन स्वरमेळ प्रत्यक्ष ऐकले नाहीत त्याची त्या रात्रीची सर्वांत मोठी गोष्ट हुकली, असे म्हणण्यास हरकत नाही. १९०० सालच्या पहिल्याच प्रयोगात उशिरा आलेल्या प्रेक्षकांमुळे एवढा गोंधळ झाला की, संचालक लेओपोल्दो मुन्योने यांना वाद्यवृंद थांबवून ऑपेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला. त्या दिवसांत शहरात घातपाताची भीती पसरलेली असल्यामुळे प्रेक्षागृहातील तणावही मोठा होता. आज कोणी पुन्हा सुरुवात करणार नाही. किमान पाऊण तास आधी पोचावे. कोट जमा करणे, पत्रक घेणे आणि त्या वास्तूचा जिना पाहणे यासाठी तेवढा वेळ लागतो. १८६९ साली उघडलेल्या या इमारतीचे प्रेक्षागृह मार्च १९४५मधील बॉम्बहल्ल्यात जळून गेले आणि नोव्हेंबर १९५५मध्ये ते नव्याने उभे राहिले; दर्शनी भाग आणि मुख्य जिना मात्र मूळचाच आहे.

इटालियन येत नसेल तर अडचण होईल का?

होणार नाही. प्रत्येक जागेपुढे लहान पडदा असतो आणि त्यावर इंग्रजीसह अनेक भाषांतून संवादांचा अनुवाद उमटतो. मराठीची सोय अर्थातच नाही. मात्र संहिता आधी एकदा शांतपणे वाचली असेल, तर हा पडदा बंदच ठेवावा असे मी सुचवीन. त्याच्याकडे नजर गेली की रंगमंचावरून नजर हटते, आणि ‘तोस्का’मध्ये पुष्कळ काही न गाता घडते.

टाळ्या केव्हा वाजवाव्यात? आपल्यासारखा ‘वन्समोअर’ देता येतो का?

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला पद रंगत असतानाच दाद देण्याची सवय असते. ऑपेरात गाणे चालू असताना पूर्ण शांतता पाळली जाते. काव्हारादोस्सीचे पहिल्या अंकातील ‘रेकोन्दिता आर्मोनिया’, तोस्काचे ‘विस्सी दार्ते’ आणि तिसऱ्या अंकातील टेनरचे गाणे यांनंतर टाळ्या वाजतात, पण इतरत्र संगीत अखंड पुढे जात राहते. नवख्या प्रेक्षकाने आजूबाजूच्या जाणकारांच्या टाळ्यांची वाट पाहावी, तेवढे पुरते.

एखादे गाणे तेथेच पुन्हा गायले जाण्याची प्रथा ऑपेरातही होती, आणि व्हिएन्नात असे प्रसंग आजही क्वचित घडतात. ते प्रेक्षकांच्या टाळ्या थांबेनाशा झाल्यावर संचालक आणि गायक ठरवतात. मागणी करून ते मिळत नाही. बालगंधर्वांच्या नाटकांत एकेका पदाला अनेकदा ‘वन्समोअर’ मिळत असे आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबत असे. संगीत नाटकात पदांच्या मध्ये गद्य संवाद असल्यामुळे ही पुनरावृत्ती नाट्याला फारशी तोडत नव्हती. पुच्चिनीने जवळजवळ सर्व संभाषण संगीतातच गुंफले आहे. तेथे मध्येच मागे जाणे म्हणजे घटनाक्रम थांबवणे होते. ‘विस्सी दार्ते’मुळेसुद्धा कथा थबकते, असे स्वतः पुच्चिनीला वाटत असे.

माझ्या आवडत्या ध्वनिमुद्रणासारखे गायन झाले नाही, तर विरस होणार नाही का?

त्या ध्वनिमुद्रणासारखे गायन होणारच नाही, याची तयारी ठेवून जावे. अनेकांच्या कानात १९५३ सालचे ध्वनिमुद्रण बसलेले असते: मारिया कॅलस, जुझेप्पे दी स्तेफानो, तितो गोब्बी आणि संचालक व्हिक्तोर दे साबाता. ते असामान्य आहे हे निर्विवाद. परंतु स्टुडिओत एखादी जागा मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा गाता येते. रंगमंचावरच्या गायिकेला ती संधी नसते. एकदा निघालेला स्वर परत घेता येत नाही, आणि तो निघण्यापूर्वी काही निश्चित नसते. ती अनिश्चितता सर्व श्रोत्यांनी एकत्र अनुभवणे हा प्रत्यक्ष प्रयोगाचा गाभा आहे.

माझा सल्ला असा की, प्रयोगाच्या आधीचे दोन-तीन आठवडे आपले लाडके ध्वनिमुद्रण ऐकू नये. एका गायिकेचा श्वास कोठे पडतो हे पाठ झालेले असले, की दुसरीचा श्वास चुकीच्या जागी पडल्यासारखा वाटतो. ऐकायचेच असेल तर दुसरे ध्वनिमुद्रण ऐकावे. १९७२ सालचे लिओन्टीन प्राइस आणि प्लासिदो दोमिंगो यांचे ध्वनिमुद्रण मी सुचवीन. त्याचे संचालक झुबिन मेहता मुंबईत जन्मलेले असून १९५४ साली व्हिएन्नालाच संगीत शिकायला गेले होते. तेही गाण्यागाण्यांनी न ऐकता, संहिता हातात घेऊन दुसरा अंक सलग ऐकावा.

जाहीर झालेला गायक ऐन वेळी बदलला तर?

आजारपणामुळे असे घडते, आणि त्यामुळे पैसे परत मिळत नाहीत. बदली गायक ही भूमिका इतरत्र गायलेला, तयारीचा कलावंत असतो. एखाद्या विशिष्ट नावासाठीच प्रवास आखू नये.

मुलांना नेता येईल का?

छळ, बळजबरीचा प्रयत्न, खून, गोळीबाराने दिलेली मृत्युशिक्षा आणि आत्महत्या हे सर्व यात आहे. समज आलेल्या, कथानक आधी सांगितलेल्या मुलांना न्यावे. लहान मुलांना नेऊ नये.

पोशाख कसा असावा?

नीटनेटका असावा एवढेच. साडी किंवा कुर्ता-जाकीट तेथे उत्तम शोभते. हिवाळ्यात उभ्याने पाहणार असाल तर पादत्राणे आरामशीर असावीत.

कथेतील स्थळे रोममध्ये खरोखर पाहता येतात का?

तिन्ही स्थळे खरी आहेत आणि एकमेकांपासून पायी जाता येण्याच्या अंतरावर आहेत. पहिल्या अंकातील सांतांद्रेआ देल्ला व्हाल्ले हे चर्च सर्वांना खुले आहे. संहितेतील आत्ताव्हान्ती घराण्याचे प्रार्थनास्थान तेथे नाही. ते कल्पित आहे, आणि बार्बेरिनी घराण्याचे प्रार्थनास्थान पाहून त्याची कल्पना करावी लागते. पालाझ्झो फार्नेझेमध्ये आज फ्रान्सचा दूतावास आहे, त्यामुळे आधी नोंदणी करून मार्गदर्शकासह जावे लागते. कास्तेल सांतांजेलो हे संग्रहालय आहे आणि त्याच्या गच्चीवरून सेंट पीटरचा घुमट स्पष्ट दिसतो. १९९२ साली याच तीन स्थळी, संहितेत सांगितलेल्या प्रहरांनाच, ‘तोस्का’ दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपित झाला होता. गायक प्रत्यक्ष स्थळी होते, वाद्यवृंद दुसरीकडे होता, आणि त्याचे संचालन झुबिन मेहता करीत होते. व्हिएन्नाचा प्रयोग पाहण्यापूर्वी हे चित्रण पाहू नये, नंतर पाहावे. आधी पाहिल्यास रंगवलेले नेपथ्य उगाच खुजे वाटते.

परदेशी जाणे शक्य नसेल तर मुंबईत काय करता येईल?

नरिमन पॉइंट येथील एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवले जातात, आणि २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तेथे प्रत्यक्ष वाजवतो. या संस्थेने ऑपेरेही सादर केले आहेत, म्हणून तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवावे. गिरगावातील रॉयल ऑपेरा हाउस २०१६ साली जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडले, तेव्हा पहिला कार्यक्रम मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ यांचा झाला. त्या वास्तूत संपूर्ण ऑपेरा क्वचितच होतो. तरीही मायक्रोफोनविना गाणारा आवाज जवळून ऐकण्याची संधी तेथे मिळाली तर सोडू नये.

पडद्यावरचे चित्रण प्रत्यक्ष प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. कॅमेरा आपल्या वतीने कोठे पाहायचे ते ठरवतो आणि ध्वनी पुन्हा मायक्रोफोनमधूनच येतो. कथानक, हालचाली आणि अभिनय समजून घेण्यासाठी मात्र ते उत्तम साधन आहे.

प्रयोगानंतर पुन्हा कधी जावे?

मुक्काम वाढवता येत असेल तर त्याच आठवड्यात. दोन प्रयोगांच्या मध्ये काही दिवसांची विश्रांती असते आणि गायक बहुधा तेच असतात. पहिल्या रात्री नजर तोस्कावर खिळते. दुसऱ्या रात्री स्कार्पियाकडे पाहता येते, आणि तो गप्प असतानाही वाद्यवृंद त्याच्याविषयी किती बोलत असतो हे तेव्हा ऐकू येते. शक्य असल्यास दुसऱ्या वेळी जागा बदलावी: पहिल्यांदा तळमजल्यावर उभे राहिला असाल तर दुसऱ्यांदा गॅलरीत बसावे, म्हणजे घंटा नेमक्या कोणत्या बाजूने येतात हेही पडताळून पाहता येईल.